एका शेतात दोन पिके : आंतरपिकांचे शास्त्र आणि हिशेब

दख्खनच्या पठारावरील लाल मातीच्या मुलखातून ऑक्टोबर महिन्यात प्रवास करणाऱ्यास एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. शेतातील ज्वारी कापून झालेली असते. तिची धसकटे तेवढी जमिनीत उभी असतात. परंतु शेत मोकळे झालेले नसते. धसकटांच्या दर दोन ओळींनंतर तुरीची एक हिरवी ओळ उभी असते आणि तिच्यावर नुकती कोठे फुले दिसू लागलेली असतात. पाऊस परतला, ज्वारी घरी गेली, आणि तरीही त्याच शेतात दुसरे एक पीक आता कोठे भरास येत आहे. हे पीक मागाहून पेरलेले नव्हे. पावसाळ्याच्या आरंभी, ज्वारीच्या बरोबरच, एकाच दिवशी आणि एकाच तिफणीने ते पेरले गेले होते.

या पद्धतीस आंतरपीक पद्धती असे म्हणतात. ती लाभदायक का ठरते, तिचा लाभ मोजावा कसा, ती प्रत्यक्षात आणताना कोणत्या अडचणी येतात आणि कोठे ती टाळणेच श्रेयस्कर, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे. उदाहरणादाखल आपण मुख्यतः ज्वारी आणि तूर ही जोडी घेऊ. भारतातील कोरडवाहू शेतीत या जोडीचा अभ्यास पुष्कळ बारकाईने झालेला आहे.

१. जुनी रीत

एका शेतात अनेक पिके घेण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. गढवालच्या डोंगरउतारांवर नाचणी, राजगिरा, राजमा, कुळीथ इत्यादी धान्ये व कडधान्ये एकत्र पेरतात. त्या पद्धतीस तेथे ‘बारनाजा’ म्हणजे बारा धान्ये असे नाव आहे. उत्तर प्रदेशात गहू आणि जव मिसळून पेरीत व त्या मिश्रणास ‘गोजई’ म्हणत. दक्षिणेकडे ज्वारी, बाजरी किंवा नाचणी यांच्या शेतात तूर, मूग, मटकी, वाल यांच्या ओळी टाकण्याची चाल आहे. १९४९ साली म्हैसूरचे कृषितज्ज्ञ ए. के. यज्ञनारायण अय्यर यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्स’ या नियतकालिकात भारतातील मिश्र पिकांवर एक विस्तृत लेख लिहिला. अशा जोड्या देशभर किती विविध आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

या रीतीमागील हेतू साधा होता. घरात भाकरीसाठी धान्य हवे तसेच वरणासाठी डाळही हवी. आणि पावसाने एका पिकाला दगा दिला तर दुसरे हाती लागावे. अधिक उत्पन्न हा हेतू बहुधा दुय्यमच असे. पुढे १९६० नंतरच्या दशकात सुधारित बियाणे, रासायनिक खते आणि पाटाचे पाणी यांच्या बळावर गहू-भाताचे उत्पन्न झपाट्याने वाढले. ती सुधारणा सलग, एकट्या पिकाची होती. साहजिकच मिश्र पीक म्हणजे मागासलेली शेती, असा समज काही काळ पसरला. परंतु ज्या शेतकऱ्यापाशी विहीर नाही, कालवा नाही, केवळ आकाशाकडे पाहून ज्याला पेरणी करावयाची आहे, त्याच्या दृष्टीने जुना प्रश्न तसाच उभा होता. १९७० साली कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला, आणि १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे ‘इक्रिसॅट’ या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था स्थापन झाली. या ठिकाणी जुन्या रीतीची तपासणी काटा आणि फूटपट्टी घेऊन होऊ लागली.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दोन-तीन प्रकारचे बी एकत्र मिसळून फेकून पेरले, तर ते मिश्र पीक होय. प्रत्येक पिकाची ओळ निराळी ठेवून, ठरावीक प्रमाणात ओळींची मांडणी केली, तर ते आंतरपीक होय. वरवर पाहता भेद क्षुल्लक वाटेल. परंतु ओळ निराळी असली म्हणजे खत निराळे देता येते, कोळपे चालविता येते आणि कापणी निराळी करता येते. आंतरपीक व्यवहार्य होते ते या ओळीमुळे.

२. काळाची वाटणी

दोन पिके एकाच शेतात वाढली म्हणजे ती ऊन, पाणी आणि अन्नद्रव्ये यांसाठी झगडणार, हे उघड आहे. मग दोघांचेही नुकसान का होत नाही? याचे उत्तर असे की, सर्व जोड्यांत लाभ होत नाहीच. ज्या पिकांच्या गरजा निरनिराळ्या वेळी उत्पन्न होतात, त्यांच्या जोडीतच लाभ मोठा असतो.

संकरित ज्वारी सुमारे शंभर ते एकशे दहा दिवसांत तयार होते. पेरणीनंतर पहिल्या दोन महिन्यांत तिची वाढ अत्यंत वेगाने होते. मध्यम मुदतीच्या तुरीला मात्र साडेपाच ते सहा महिने लागतात, आणि पहिले दोन महिने ती अतिशय सावकाश वाढते. सलग तुरीचे शेत ऑगस्टमध्ये पाहिल्यास दोन ओळींमधील बरीच जमीन उघडी दिसेल. त्या उघड्या जमिनीवर पडणारे ऊन वाया जाते, पावसाचे थेंब माती उडवितात, आणि तण माजते. ही रिकामी जागा आणि हा रिकामा काळ ज्वारी वापरून घेते. ज्वारी निघून गेल्यावर तुरीला मोकळे आकाश मिळते. तिला फांद्या फुटतात, ती पसरते, आणि खोल गेलेल्या सोटमुळाच्या साहाय्याने जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती हिवाळ्यात शेंगा भरते.

याचा अर्थ असा की, ज्वारीचे आणि तुरीचे शेत एकच असले तरी त्यांचा हंगाम बव्हंशी एक नसतो. म्हणून ज्वारीबरोबर बाजरी पेरली तर असा लाभ मिळणार नाही. दोन्ही पिके एकाच वेळी, एकाच उंचीवर आणि मातीच्या एकाच थरात आपला वाटा मागतील.

येथे बियाण्याच्या निवडीचे महत्त्वही लक्षात येते. जुन्या देशी ज्वारीची ताटे उंच असत आणि तिला कापणीस येण्यास पुष्कळ वेळ लागे. तिच्या सावलीत तूर दीर्घकाळ गुदमरे. म्हणून शेतकरी कित्येक ओळींनंतर तुरीची एखादीच ओळ टाकीत. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. ठेंगणा आणि लवकर येणारा असा हा वाण होता. अशा वाणांमुळे तुरीचे प्रमाण वाढवून दर तिसरी ओळ तिला देणे शक्य झाले. तात्पर्य, नवे बियाणे आणि जुनी पद्धती यांत विरोध नसून, योग्य बियाण्याने जुनी पद्धती अधिक फलदायी होते.

३. जमिनीखालचा व्यवहार

तूर हे द्विदल पीक आहे. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधून घेतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० नंतरच्या दशकात सिद्ध केले. यावरून पुष्कळांचा असा समज होतो की, तूर शेजारच्या ज्वारीला नत्र पुरविते. प्रत्यक्षात त्याच हंगामात ज्वारीला मिळणारा वाटा अत्यल्प असतो. खरा लाभ असा की, तूर आपली नत्राची गरज बरीचशी स्वतः भागविते, त्यामुळे जमिनीतील नत्रासाठी ती ज्वारीशी फारशी झगडत नाही. शिवाय तिची गळलेली पाने आणि कुजलेली मुळे पुढील वर्षाच्या पिकास उपयोगी पडतात.

स्फुरदाची कथा याहून मनोरंजक आहे. लाल जमिनीत लोहाचे प्रमाण बरेच असते आणि स्फुरदाचा मोठा अंश लोहाशी जखडलेला असतो. ज्वारीच्या मुळांना तो सहजासहजी सोडविता येत नाही. १९९० साली जपानी शास्त्रज्ञ नोरिहारु आए आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की, तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्लासारखे पदार्थ स्रवतात. ते लोहाला धरून ठेवतात आणि त्यामुळे स्फुरद मोकळा होतो. म्हणजे ज्वारीला ज्या कोठाराची किल्ली सापडत नाही, ते कोठार तूर उघडू शकते.

रोगाच्या बाबतीतही एक उपकारक गोष्ट आढळली आहे. तुरीवरील मर रोग मातीत राहणाऱ्या बुरशीमुळे होतो. सलग तुरीपेक्षा ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत या रोगाचे प्रमाण कमी राहते, असे पाटणचेरू येथील प्रयोगांत दिसून आले. तथापि यावरच विसंबून न राहता रोगप्रतिकारक वाण निवडणे हेच शहाणपणाचे.

४. लाभ मोजावा कसा ?

आंतरपिकात ज्वारीही थोडी कमी येते आणि तूरही कमी येते. मग लाभ झाला असे कशावरून म्हणावे? यासाठी शास्त्रज्ञ एक साधे माप वापरतात. त्यास आपण भूमि-तुल्यांक म्हणू. आंतरपिकात जेवढे उत्पन्न आले, तेवढेच सलग पिकांपासून मिळविण्यासाठी किती जमीन लागली असती, हे त्यावरून कळते.

समजा, एक हेक्टर सलग ज्वारीत २० क्विंटल धान्य येते आणि एक हेक्टर सलग तुरीत १० क्विंटल. आंतरपिकाच्या एका हेक्टरात १८ क्विंटल ज्वारी आणि ६ क्विंटल तूर आली. तर,

ज्वारीचा अंश : १८ ÷ २० = ०.९
तुरीचा अंश : ६ ÷ १० = ०.६
भूमि-तुल्यांक : ०.९ + ०.६ = १.५

म्हणजे एका हेक्टरातील आंतरपिकाने दीड हेक्टरातील सलग पिकांचे काम केले. ही बेरीज १ पेक्षा अधिक आली तर लाभ, १ आली तर ना लाभ ना हानी, आणि १ पेक्षा कमी आली तर ती जोडी सोडून द्यावी.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील की, अर्ध्या शेतात ज्वारी आणि अर्ध्या शेतात तूर पेरली तर काय बिघडले? वरील आकड्यांवरूनच पाहू. अर्ध्या हेक्टरात १० क्विंटल ज्वारी आणि अर्ध्या हेक्टरात ५ क्विंटल तूर येईल. दोन्ही धान्ये मिळतील. पण आंतरपिकापेक्षा ज्वारी ८ क्विंटलनी आणि तूर १ क्विंटलने कमी. नुसती दोन पिके असण्याचा हा लाभ नाही. ती एकमेकांच्या शेजारी असण्याचा आहे.

परंतु भूमि-तुल्यांक म्हणजे पैसा नव्हे. बाजारात तुरीचा भाव ज्वारीच्या दुप्पट आहे असे धरू आणि एक क्विंटल ज्वारीच्या किमतीस एक भाग म्हणू. सलग ज्वारीचे २० भाग होतात, सलग तुरीचेही २० भाग होतात. आंतरपिकाचे १८ आणि १२ मिळून ३० भाग होतात. आता यातून जादा खर्च वजा केला पाहिजे: तुरीचे बियाणे, दोन वेळची कापणी, दोन वेळची मळणी, जास्त दिवसांची राखण. हा जादा खर्च ३ भाग धरला तर ७ भाग निव्वळ लाभ उरतो. तो १० भागांवर गेला तर आंतरपिकाचा खटाटोप व्यर्थ ठरतो. ज्वारीच्या कडब्याची किंमत हिशेबात घेतल्यास आकडे आणखी बदलतील. म्हणून प्रत्येकाने आपल्या गावचे भाव आणि आपल्या गावची मजुरी घालून हा हिशेब स्वतः मांडावयास हवा.

५. छत्तीस वर्षांतून एकदा

सरासरी उत्पन्नावरून शेतकऱ्याचे पोट भरत नाही. ज्या वर्षी पीक बुडते त्या वर्षी बैल विकावे लागतात, कर्ज काढावे लागते, मुलांची शाळा सुटते. आणि पुढील चांगल्या वर्षाने ती हानी भरून निघतेच असे नाही. म्हणून आंतरपिकाची खरी कसोटी वाईट वर्षात पाहावयाची असते.

इक्रिसॅट संस्थेतील शास्त्रज्ञ एम. आर. राव आणि आर. डब्ल्यू. विली यांनी ज्वारी व तुरीवरील ९४ प्रयोगांचे आकडे एकत्र करून त्यांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. त्यांनी उत्पन्नाची एक किमान रेषा ठरविली आणि त्या रेषेखाली जाण्याची पाळी किती वेळा येईल, हे काढले. सलग तूर पाच वर्षांतून एकदा त्या रेषेखाली जाईल, सलग ज्वारी आठ वर्षांतून एकदा. परंतु ज्वारी-तुरीचे आंतरपीक छत्तीस वर्षांतून एकदाच.

हे कसे घडते? पाऊस लवकर संपला तर ज्वारी पदरात पडलेली असते. मधल्या काळात पावसाने ताण दिला आणि ज्वारी विरळ झाली, तर तिच्या वाट्याची जागा, ऊन व ओल तुरीला मिळते आणि ती नेहमीपेक्षा अधिक वाढते. एकाची हानी दुसरा काही अंशी भरून काढतो. सलग पिकात अशी भरपाई करणारा शेजारी नसतो. आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने जे जाणले होते, त्याला येथे आकड्यांचा आधार मिळाला.

६. पेरणी : ओळींचा हिशेब

लाभ प्रत्यक्षात मिळावयाचा असेल तर ओळींची मांडणी काटेकोर हवी. या जोडीसाठी दोन ओळी ज्वारी आणि एक ओळ तूर हे प्रमाण रूढ आहे. ओळींमधील अंतर ४५ सेंटिमीटर धरल्यास तुरीच्या दोन ओळींमध्ये १३५ सेंटिमीटर अंतर राहते.

तिफणीला तीन फण असतात, त्यामुळे हे प्रमाण तिच्याने सहज साधते. मात्र तुरीचे बी कोणत्या फणातून सोडावे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ते कडेच्या फणातून सोडले तर काय होईल? जाताना ज्वारी, ज्वारी, तूर अशा ओळी पडतील. तिफण वळवून परत येताना क्रम उलटा होऊन तूर, ज्वारी, ज्वारी अशा पडतील. परिणामी तुरीच्या दोन ओळी एकमेकींना लागून येतील आणि पुढे ज्वारीच्या चार ओळी एकत्र येतील. तेच तुरीचे बी मधल्या फणातून सोडल्यास जाताना आणि येताना क्रम एकच राहतो: ज्वारी, तूर, ज्वारी, पुन्हा ज्वारी, तूर, ज्वारी. म्हणून चाड्याचे मधले छिद्र चिंधीच्या बोळ्याने बंद करावे, आणि मधल्या फणामागे निराळी नळी बांधून एका माणसाने तिच्यातून तुरीचे बी सोडावे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बियाण्याच्या पेटीला कप्पे असल्यास हेच काम मधल्या कप्प्यात तूर भरून होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट रोपांच्या संख्येची. ज्वारीच्या दर तीन ओळींपैकी एक तुरीला दिली म्हणून ज्वारीची रोपे एक-तृतीयांशाने कमी करावयाची नसतात. सलग ज्वारीत ४५ सेंटिमीटरच्या ओळीत दोन रोपांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे १,८५,००० रोपे बसतात. आंतरपिकात ओळी दोन-तृतीयांश झाल्या, तेव्हा रोपांमधील अंतर ८ सेंटिमीटर करावे. म्हणजे संख्या तेवढीच राहते. तुरीचेही तसेच. सलग तुरीत ९० सेंटिमीटरच्या ओळी आणि ३० सेंटिमीटरवर रोप, असे धरल्यास हेक्टरी सुमारे ३७,००० रोपे होतात. आंतरपिकात ओळी १३५ सेंटिमीटरवर गेल्या, म्हणून रोप २० सेंटिमीटरवर ठेवावे. संख्या कायम राहील. विरळणी करताना हे अंतर मोजून घ्यावे. आंतरपीक फसल्याची तक्रार होते तेव्हा रोपांची संख्या मोजून पाहणे ही पहिली तपासणी होय.

७. पेरणीनंतरच्या अडचणी

पहिले पाच-सहा आठवडे शेत तणमुक्त राखणे अत्यावश्यक आहे. ओळी सरळ असतील तर दोन कोळपण्या आणि एक खुरपणी यांत काम भागते. तणनाशक वापरावयाचे असल्यास विशेष सावधगिरी हवी. ज्वारीत वापरले जाणारे ॲट्राझिन ज्वारीला चालते, पण तुरीला घातक ठरते. एका पिकाचे औषध दुसऱ्याचे विष होऊ शकते, ही आंतरपिकाची खरी मर्यादा आहे.

नत्राचे वरखत द्यावयाचे ते ज्वारीच्या ओळीलाच द्यावे. सर्व शेतात फेकून दिल्यास तणाचे पोषण होते. आणि ज्वारीला नत्र अतिरिक्त झाले तर ती दाट होऊन तुरीवर जास्त सावली धरते.

लवकर येणाऱ्या ज्वारीची कणसे परतीच्या पावसात सापडली तर दाण्यांवर बुरशी येते, दाणा काळवंडतो आणि भाव पडतो. म्हणून दाणा पक्व होताच कापणी उरकावी व कणसे वाळविण्याची सोय आधीच करून ठेवावी. कापणी विळ्याने, ओळीच्या दिशेने करावी आणि पेंढ्या तुरीवर न टाकता ओळींच्या मधून बाहेर काढाव्यात. मोठे कापणीयंत्र अशा शेतात शिरू शकत नाही.

शेवटची अडचण एकट्याने सुटणारी नाही. खरिपाची पिके निघाली की अनेक गावांत गुरे मोकळी सोडण्याची चाल आहे. ज्याच्या शेतात तूर जानेवारीपर्यंत उभी राहावयाची, त्याला एकट्याला राखण परवडत नाही. शेजारच्या दहा शेतकऱ्यांनी मिळून तूर घेतली, तर राखणीचा खर्च वाटला जातो आणि चराईचा दिवस पुढे ढकलण्यास गाव तयार होते. पद्धती शास्त्रशुद्ध असूनही ती एका शेतापुरती फसते आणि शिवारभर यशस्वी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

८. आंतरपीक कोठे घेऊ नये ?

जेथे भारी काळी जमीन आहे, ओल भरपूर टिकते किंवा विहिरीचे पाणी आहे, तेथे खरिपाचे एक पीक काढून रब्बीत हरभरा किंवा करडई घेणे अधिक लाभाचे ठरू शकते. आंतरपिकातील तूर जानेवारीपर्यंत शेत अडवून ठेवते. दोन पिकांच्या क्रमात तेच शेत दुसऱ्यांदा पेरता येते. म्हणून तुलना करताना शेत किती महिने गुंतले, हेही मोजले पाहिजे. त्याचप्रमाणे जेथे मजूर मुळीच मिळत नाहीत आणि सर्व काम यंत्रानेच करावयाचे आहे, तेथे एकेका ओळीऐवजी रुंद पट्टे घेणे सोयीचे. महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात सोयाबीनच्या चार ओळी व तुरीच्या दोन ओळी अशी जी मांडणी घेतात, तिच्यात हा विचार आहे. तेथेही तत्त्व तेच: सोयाबीन लवकर निघते, तूर मागे राहते.

देशाच्या इतर भागांतही हेच तत्त्व निरनिराळ्या रूपांत दिसते. कर्नाटकाच्या दक्षिण भागात नाचणीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घेण्याची शिफारस आहे. बिहारमध्ये हिवाळी मक्यात बटाटा घेतात. मका उंच होण्यापूर्वी बटाटा वाढून निघतो. उसाची लागण केल्यावर त्याची वाढ मंद असते, त्या अवधीत सरींच्या वरंब्यांवर कांदा किंवा भाजीपाला येतो. केरळात नारळाच्या बागेत खोडावर मिरीचा वेल, मध्ये कोको आणि जमिनीलगत अननस अशी मजल्यांची शेती करतात. कोठे काळाची वाटणी, कोठे उंचीची, कोठे मुळांच्या खोलीची. वाटणी जितकी स्पष्ट, तितका लाभ अधिक.

९. शाळेच्या मळ्यातील प्रयोग

ज्या शाळेस थोडी मोकळी जमीन आहे तिला हा विषय प्रत्यक्ष करून पाहता येईल. रुंदी ५.४ मीटर व लांबी ६ मीटर असे तीन सारखे तुकडे आखावेत. पहिल्यात ज्वारीच्या १२ ओळी, दुसऱ्यात तुरीच्या ६ ओळी, आणि तिसऱ्यात ज्वारी, तूर, ज्वारी या क्रमाने १२ ओळी पेराव्यात. रोपांतील अंतर वर सांगितल्याप्रमाणे ठेवावे. तिन्ही तुकड्यांना खत व निगा जमिनीच्या मानाने सारखी द्यावी. कणसे भरू लागली की पाखरांपासून रक्षणासाठी त्यांवर पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात.

कडेच्या ओळींना ऊन व वारा अधिक मिळतो, म्हणून त्या वजनात धरू नयेत. पहिल्या तुकड्यातील मधल्या ६ ओळी, दुसऱ्यातील मधल्या ३ ओळी आणि तिसऱ्यातील मधल्या ६ ओळी घ्याव्यात. दोन्ही टोकांकडील अर्धा अर्धा मीटर सोडावा. प्रत्येक वेळी मोजलेले क्षेत्र २.७ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब, म्हणजे १३.५ चौरस मीटर येईल. ज्वारी ऑक्टोबरच्या सुमारास व तूर जानेवारीच्या सुमारास तोलून आकडे वहीत लिहावेत आणि भूमि-तुल्यांक काढावा. एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्षाची घाई करू नये. पावसाची नोंदही ठेवावी आणि हाच प्रयोग पुढील वर्गाने पुढे चालवावा. तीन-चार वर्षांची वही शाळेत जमली, की त्यातील सर्वांत कमी पावसाचे वर्ष शोधून त्या वर्षीचे तिन्ही तुकड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सलग बाजरी हेक्टरी १६ क्विंटल आणि सलग तूर ८ क्विंटल आली. आंतरपिकात बाजरी १२ आणि तूर ५ क्विंटल आली. भूमि-तुल्यांक काढा.

२. वरील उदाहरणात तुरीचा भाव बाजरीच्या दुप्पट धरल्यास, आंतरपिकाचा जादा खर्च किती भागांपर्यंत गेला तरी ते सलग बाजरीपेक्षा लाभाचे राहील?

३. चार फणांच्या पाभरीने दोन ओळी सोयाबीन व दोन ओळी तूर पेरावयाची आहे. तुरीचे बी कोणत्या दोन फणांतून सोडल्यास जाता-येता मांडणी सारखी राहील? ओळी कागदावर काढून दाखवा.

४. आपल्या गावात घेतल्या जाणाऱ्या आंतरपिकांची यादी करा. प्रत्येक जोडीत वाटणी काळाची आहे, उंचीची आहे की मुळांच्या खोलीची, हे घरातील वडीलधाऱ्यांना व शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून लिहा.